माफी कुणी कुणाची मागायची?

आपल्याकडे माफी खालून वर जाते. पोरगा बापाची मागतो, सून सासूची, विद्यार्थी गुरुजींची, कारकून साहेबांची. वरून खाली येणारी माफी इतकी विरळ की ती आलीच तर ऐकणारा गांगरून जातो, "अहो साहेब, तुम्ही कशाला..." म्हणत तोच ओशाळतो. चूक नसताना मार खाल्लेल्या मुलाला नंतर मास्तरांनी "माझा गैरसमज झाला होता" असं वर्गात सांगितलं, अशी आठवण किती जणांकडे असेल? चुका मात्र वय आणि हुद्दा बघून होत नाहीत. आणि वरच्याच्या हातून झालेली चूक जास्त लागते, कारण खालच्याला उलट बोलायची सोय नसते. तो गप्प बसतो, मनात धरून ठेवतो आणि एक दिवस नोकरी सोडतो, घर सोडतो किंवा राहत्या घरात परका होऊन वावरतो.

नाती कशी सांधतात, यावर गेल्या पन्नासेक वर्षांत समाजशास्त्रानं, मानसशास्त्रानं, वैद्यकानं आणि कायद्यानंही बरंच काम केलं आहे. ते एकत्र ठेवून वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. माफीचा गुण येतो तो जबाबदारी अंगावर घेण्यामुळे आणि झालेलं नुकसान भरून देण्यामुळे. आणि ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानं ती मागितली, तर तो गुण सर्वांत जास्त येतो.

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं १९७१ साली एक मार्मिक गोष्ट मांडली. माफी मागणारा माणूस स्वतःचे दोन भाग करतो. एक भाग चुकलेला. दुसरा भाग दुखावलेल्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि पहिल्याला दोष देतो. मानसोपचारतज्ज्ञ आरन लझार यांनी पुढे २००४ मध्ये 'ऑन अपॉलॉजी' या पुस्तकात माफीचे चार घटक सांगितले: चुकीची कबुली, तिचं स्पष्टीकरण, पश्चात्ताप आणि भरपाई. त्यांचा आणखी एक विचार मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अपमानात एकाची पत खाली जाते आणि दुसऱ्याची वर. माफीत हे पारडं उलटं फिरतं. अपमान करणारा शरम आपल्याकडे घेतो आणि माफ करायचं की नाही हे ठरवण्याचा अधिकार समोरच्याला देतो. सत्ता असलेल्यांना माफी जड का जाते, याचं उत्तर इथे आहे. २०१३ साली टायलर ओकिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: माफी मागायला ठाम नकार दिल्यावर माणसाला आपण अधिक समर्थ आहोत असं वाटतं. ताठ मानेची ही चव एकदा लागली की सुटत नाही.

माफीतला कुठला भाग खरं काम करतो, हे रॉय लुईकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली तपासलं. दोन प्रयोगांत मिळून ७५५ माणसं होती. प्रसंग नोकरीतला घेतला होता: हिशेबनिसाच्या जागेसाठी आलेल्या उमेदवारानं आधीच्या नोकरीत अशिलाचं करविवरण चुकीचं भरलं होतं. त्यानं वेगवेगळ्या तऱ्हांनी माफी मागितली तर ती कितपत पटते, हा प्रश्न. सर्वांत जास्त वजन पडलं "चूक माझी आहे" या कबुलीचं. त्याखालोखाल "मी हे दुरुस्त करून देतो" याचं. आणि सर्वांत कमी वजन होतं "मला माफ करा" या विनंतीचं! आपण मात्र बहुतेक वेळा या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो.

कुठल्याही प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी राजकोटच्या एका पंधरा वर्षांच्या मुलानं हे अचूक केलं होतं. गांधींच्या आत्मकथेतला तो प्रसंग मराठी वाचकाला ठाऊक आहे, पण माफीचा नमुना म्हणून तो पुन्हा जवळून वाचावा. थोरल्या भावावर पंचवीसेक रुपयांचं कर्ज झालेलं. ते फेडायला त्याच्या हातातल्या सोन्याच्या कड्यातला तुकडा मोहननं काढला. मग ते सोसेना. वडिलांसमोर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीत काय काय होतं? चोरीची स्पष्ट कबुली. योग्य ती शिक्षा द्यावी ही मागणी. माझ्या अपराधासाठी तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका, ही विनवणी. आणि पुन्हा चोरी करणार नाही ही प्रतिज्ञा. कर्ज भावाचं होतं, म्हणजे सबब आयती हाताशी होती. तिच्या आड तो लपला नाही. आजारी वडील साध्या लाकडी फळीवर पडून होते. त्यांनी उठून बसून चिठ्ठी वाचली, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडलं, क्षणभर डोळे मिटले आणि चिठ्ठी फाडून टाकून ते पुन्हा आडवे झाले. गांधींनी यावर लिहिताना एक अट नोंदवली आहे: ज्या व्यक्तीला कबुली ऐकण्याचा हक्क आहे, तिच्यासमोरच ती द्यायची. मित्राजवळ मन मोकळं केलं, देवापुढे नाक घासलं, तरी ज्याचं बिघडवलं त्याचा हिशेब उघडाच राहतो.

हाच मुलगा पुढे देशाचा नेता झाला तेव्हा वरून खाली माफी कशी येते हेही त्यानं दाखवलं. १९१९ साली नडियादला त्यांनी जाहीर सांगितलं की लोकांची तयारी होण्याआधी कायदेभंगाची हाक देणं ही माझी हिमालयाएवढी चूक झाली. लोकांनी टिंगल केली. आपल्याला त्या कबुलीचा कधीच पश्चात्ताप झाला नाही, असं ते लिहितात.

आता कचेरीकडे येऊ. कुठल्याही कचेरीत घडतो तसा एक प्रसंग घ्या. महिनाअखेरची मीटिंग. तक्त्यातले आकडे जुळत नाहीत. साहेब सगळ्यांसमोर तक्ता करणाऱ्या मुलीवर डाफरतात, "साधी बेरीज जमत नाही का तुम्हाला?" ती मान खाली घालते. दुपारी उलगडा होतो की साहेबांनीच मेलवर जुनी फाईल पाठवली होती. संध्याकाळी ते तिला केबिनमध्ये बोलावतात, दार लोटून घेतात आणि म्हणतात, "अगं, ती फाईल माझ्याकडूनच चुकीची गेली होती. जाऊ दे, मनावर घेऊ नकोस." साहेब वाईट नाहीत. खरं ते त्यांनी सांगितलं, दडपलं नाही. तरीही ती घरी जाते ती दुखावलेलीच. अपमान भरल्या मीटिंगमध्ये झाला आणि कबुली बंद दाराआड, त्यामुळे बाकीच्यांच्या लेखी बेरीज न येणारी मुलगी ती राहतेच. शिवाय "मनावर घेऊ नकोस" म्हणजे पुढचं कामही तिच्याच गळ्यात: आता तूच विसर. दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर साहेब म्हणाले असते, "काल मी यांना जे बोललो ते चूक होतं. जुनी फाईल माझ्याकडून गेली, यांचे आकडे बरोबर होते," तर गोष्ट तिथेच मिटली असती. आणि त्या खोलीतल्या बाकीच्यांनाही कळलं असतं की इथे चूक कबूल केली तर कुणी खात नाही. त्याचा पुढे फार उपयोग होतो. जिथे वरचा कधी चुकत नाही तिथे खालचे आपल्या चुका लपवतात, आणि लपवलेली चूक ऑडिटमध्येच बाहेर येते.

जिथे इजा तिथेच इलाज, हा न्याय २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयातही दिसला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात पतंजलीनं वृत्तपत्रांत माफीनामा छापला, तेव्हा खंडपीठानं विचारलं की हा तुमच्या नेहमीच्या जाहिरातींएवढ्या आकाराचा आहे का? त्यानंतर मोठ्या आकारात माफीनामा आला. माफीनं मूळ चुकीइतकी जागा व्यापायला हवी, ही साधी कसोटी प्रत्येक साहेबानं टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

कामाच्या ठिकाणच्या संशोधनात एक अडचणीचा निष्कर्षही आहे, तो टाळून चालणार नाही. पीटर किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की चूक कौशल्याची असेल तर माफीनं विश्वास परत येतो, पण बेइमानीचा आरोप असेल तर कबुलीपेक्षा नकारच माणसाला जास्त वाचवतो. याला कारण आहे. एखादं काम एकदा बिघडलं तर आपण "होतं असं" म्हणतो. एकदा केलेली लबाडी मात्र आपल्याला स्वभावाचा पुरावा वाटते. वकिलांना हा निष्कर्ष आवडेल. पण त्याच अभ्यासाचा उत्तरार्धही वाचायला हवा: नंतर पुरावा बाहेर आला आणि दोष सिद्ध झाला, तर आधी माफी मागितलेल्यावर नकार देणाऱ्यापेक्षा जास्त विश्वास टाकला गेला. ज्यानं खरंच केलं आहे त्याचा नकार म्हणजे सत्य कधीच बाहेर येणार नाही यावर लावलेली पैज आहे. आजच्या मेल आणि स्क्रीनशॉटच्या दिवसांत ती जिंकणं कठीण.

कंपन्यांच्या माफीबद्दल उबरवर झालेला प्रयोग बोलका आहे. जॉन लिस्ट आदी अर्थशास्त्रज्ञांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाडी उशिरा पोचल्यानं खोळंबलेल्या सुमारे १५ लाख प्रवाशांना वेगवेगळ्या प्रकारची माफीची मेल गेली. नुसत्या शब्दांचा फारसा परिणाम दिसला नाही. पाच डॉलरचं कूपन सोबत असलं तर प्रवासी टिकले. आणि पुन्हापुन्हा उशीर, पुन्हापुन्हा माफी असं झालं की ती माफी उलटली; काहीच न बोलणं बरं, अशी गत झाली. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' ही पाटी वर्षानुवर्षं एकाच खड्ड्यापाशी वाचणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्यात आशा वाटावी असं काम रुग्णालयांत झालं आहे. पण त्याआधी कायद्याची एक गोष्ट. १९७४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये विल्यम सॉल्टनस्टॉल या लोकप्रतिनिधीची मुलगी सायकलवर असताना मोटारीच्या धडकेत गेली. चालकानं कधीच माफी मागितली नाही. ती कोर्टात कबुलीजबाब ठरेल ही भीती आड आली. बापाला ते लागून राहिलं. त्यातून १९८६ साली तिथे कायदा झाला की अपघातानंतर व्यक्त केलेली हळहळ दोषाचा पुरावा धरली जाणार नाही. पण हे संरक्षण सहानुभूतीला होतं, कबुलीला नव्हतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं २००६ मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं आणि दोष मान्य करणारे शब्दही त्यात घेतले.

मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी तर २००१ पासून धोरणच बदललं. उपचारांत चूक झाली असेल तर ती स्वतः शोधायची, कुटुंबाला बसवून सांगायची, माफी मागायची आणि भरपाई देऊ करायची. २०१० मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. दर लाख रुग्णभेटींमागे येणारे नवे दावे महिन्याला ७.०३ वरून ४.५२ वर आले, आणि दावा निकालात निघायला लागणारा काळही घटला. त्या काळात त्या राज्यात एकूणच दावे कमी होत होते, त्यामुळे सगळं श्रेय माफीला देता येत नाही, हे अभ्यासकांनीच नमूद केलं. पण 'खरं सांगितलं तर दिवाळं निघेल' ही भीती खोटी ठरली, एवढं नक्की.

आपल्याकडे डॉक्टर १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ग्राहक संरक्षण कायद्याखाली आले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१० मध्ये वेगळा कायदाही केला. तो हवाच होता. पण रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांना तासन्‌तास व्हरांड्यात ताटकळत ठेवून शेवटी बिलासोबत बातमी मिळत असेल, तर त्या रागाची मुळं कायद्याच्या पलीकडची आहेत. वरिष्ठ डॉक्टरनं स्वतः बाहेर येऊन, खुर्ची ओढून, समोर बसून काय झालं ते सांगणं, यात उपचारांइतकंच वैद्यक आहे असं मला वाटतं.

घरातली माफी बहुधा शब्दांत नसतेच. रात्री बाप-लेकीचं वाजतं. सकाळी अबोला. दहाच्या सुमारास वडील तिची स्कूटी घेऊन जातात, पेट्रोल भरून आणतात, किल्ली फ्रिजवर ठेवतात आणि कुणाकडेच न बघता म्हणतात, "हवाही तपासून आणली." लेकीला काय कळायचं ते कळतं. नवरा-बायकोंच्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारे वॉशिंग्टन विद्यापीठाचे जॉन गॉटमन सांगतात की टिकणाऱ्या संसारात भांडणं नसतात असं मुळीच नाही. तिथे असे सांधण्याचे छोटे प्रयत्न होत राहतात आणि दुसरा ते झेलतो. रोजच्या कुरबुरींना ही मुकी माफी पुरते, आणि तिच्यात जिव्हाळा असतो हेही मी मान्य करते. मोठ्या घावाला मात्र ती पुरत नाही. बापानं लेकीचं शिक्षण अर्ध्यात थांबवलं असेल, चार नातेवाइकांत तिच्याविषयी वाईटसाईट बोलला असेल, तर पेट्रोलची टाकी तिथवर पोचत नाही. तिला प्रश्न पडत राहतो की बाबांना नक्की कशाचं वाईट वाटतंय, वाटतंय तरी का? चुकीचं नाव घ्यावं लागतं, आणि ते मोठ्यानं घ्यावं लागतं.

घाईनंही काम बिघडतं. "सॉरी म्हटलं ना, आता काय पाया पडू?" हे वाक्य ज्या घरात ऐकू येतं तिथे माफी भांडण बंद पाडायला वापरलेली असते. सिंथिया फ्रांट्झ आणि कोर्टनी बेनिग्सन यांनी २००५ मध्ये दाखवलं की दुखावलेल्याला आधी बोलू दिलं, आपलं ऐकलं गेलं असं त्याला वाटलं, तर नंतर आलेली माफी जास्त भिडते. माफी कोण जास्त मागतं, हाही घरातला एक वाद. बायका उगीच माफी मागत फिरतात, असं म्हणणाऱ्यांनी करीना शूमन आणि मायकेल रॉस यांचा २०१० चा अभ्यास बघावा. बायकांनी जास्त वेळा माफी मागितली हे खरं, पण आपलं चुकलं असं वाटण्याचे प्रसंगही त्यांनी जास्त नोंदवले. चूक वाटली की माफी मागण्याचं प्रमाण दोघांचं सारखंच निघालं. पुरुषांना आपलं वागणं मुळात चूकच कमी वेळा वाटत होतं.

राष्ट्रांच्या माफीबद्दल थोडक्यात. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट ७ डिसेंबर १९७० ला वॉर्सातल्या ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले, तेव्हा एकही शब्द न बोलता जर्मनीची कबुली जगाला कळली. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केविन रड यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये आदिवासींच्या, कुटुंबांपासून हिरावून नेलेल्या पिढ्यांची संसदेत माफी मागितली, पण भरपाईला नकार दिला, आणि ती उणीव पुढे बोचत राहिली. जालियनवाला बागेबद्दल २०१९ मध्ये, शंभर वर्षांनंतर, ब्रिटिश पंतप्रधानांनी खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. खेद घडलेल्या गोष्टीचा असतो, त्यात ती कुणी घडवली हे सांगावं लागत नाही.

माफीच्या कौतुकात एक धोका आहे, आणि त्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मार खाणाऱ्या स्त्रियांबद्दल लिहिताना हिंसेचं एक चक्र दाखवलं: ताण वाढतो, मारहाण होते, आणि मग येतो गोडीचा काळ. त्या काळात माफी असते, अश्रू असतात, शपथा असतात. त्या क्षणी ते खोटं असेलच असं नाही. पण बदल न करणारी माफी पुढच्या माराची तयारी होते. अशा घरात "तो माफी मागतोय ना, मग झालं गेलं विसर" असं सांगणारे आईबाप आणि शेजारी नकळत त्याला मदत करतात.

गावपातळीवरही हे जपायला हवं. १५ ऑगस्ट २००७ ला महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेनं समिती नेमायची, तंटे गावातच सामोपचारानं मिटवायचे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला बक्षीस. बांधाच्या भांडणापायी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांसाठी हे वरदानच. पण मिटवण्यावर बक्षीस असलं की पडतं कुणी घ्यायचं हा प्रश्न येतो, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा जात, जमीन आणि बाईपण बघून ठरतं. माफी मागण्याचं कर्तव्य चुकलेल्याचं. माफ करण्याचं कर्तव्य कुणाचंच नाही. एवढं पाळलं नाही तर माफी दुबळ्याला गप्प बसवण्याचं आणखी एक साधन होते.

वरून खाली येणारी माफी आपल्या मातीला परकी मात्र नाही. जैन कुटुंबांत क्षमापनेच्या दिवशी वडीलधारी माणसंही धाकट्यांपुढे हात जोडतात. बौद्ध संघात पावसाळ्यातला वर्षावास संपतो तेव्हा पवारणा होते. भिक्षू एकत्र बसतात आणि प्रत्येक जण इतरांना विनंती करतो की माझ्या वागण्यात काही दोष पाहिला, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल तर सांगा. पाली साहित्यात वर्णन आहे की श्रावस्तीच्या पूर्वारामात पाचशे भिक्षूंसमोर खुद्द बुद्धांनीच आधी हे विचारलं: माझ्या कृतीत किंवा वाणीत तुम्हाला काही निंद्य दिसतं का? मग त्यांचे पट्टशिष्य सारिपुत्त यांनी स्वतःबद्दल तेच विचारलं. महाराष्ट्रातल्या शेकडो विहारांत दरवर्षी वर्षावास पाळला जातो, त्यामुळे हा प्रसंग इथल्या असंख्य घरांना जवळचा आहे.

आपल्या कचेऱ्यांत वर्षाकाठी गोपनीय अहवाल लिहिला जातो. वरचा खालच्याबद्दल लिहितो. त्याच आठवड्यात विभागप्रमुखानं आपल्या माणसांसमोर बसून सांगावं की या वर्षात माझ्याकडून कुणावर काय अन्याय झाला, आणि त्यातलं काय मी कधीपर्यंत दुरुस्त करणार आहे. थांबलेली बढती असेल, नाकारलेली रजा असेल, दुसऱ्याच्या नावावर गेलेलं काम असेल. उत्तर मागू नये, टाळ्यांची वाट पाहू नये. नंतर ज्याला बोलायचं तो बोलेल, ज्याला नाही तो उठून जाईल. शाळेत मुख्याध्यापकांनी आणि घरात कर्त्या माणसानं हेच करून पाहावं. क्रम तेवढा बदलू नये: पवारणेत बोलायला सुरुवात ज्येष्ठ भिक्षू करतो, आणि सर्वांत नवखा शेवटी बोलतो.